पुन्हा बोलावणारा डॉक्टर

वाशिम जिल्ह्यात शिकवताना पालकांकडून आम्हाला जे प्रश्न येतात, त्यांत गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, मुलाला एडीएचडी आहे म्हणतात. गोळी सुरू करायला सांगितली आहे. याचा चांगला डॉक्टर कुठे मिळेल?" पूर्वी हे पालक मुलाची तक्रार घेऊन येत, आता चिठ्ठी घेऊन येतात. कुणाच्या हातात नागपूरची चिठ्ठी असते, कुणाच्या हातात अकोल्याची. गोळी घरात आलेली असते, पण द्यायची की नाही हे घरात ठरलेले नसते. दादी म्हणते, मोठा झाला की आपोआप शांत होईल. शेजारी म्हणतात, मेंदूची गोळी आहे, सवय लागेल. अब्बू गप्प असतात, अम्मी रडकुंडीला आलेली असते, आणि मूल रोज वर्गात बोलणी खात असते.

आम्ही डॉक्टर नाही. कोणत्या मुलाला कोणते औषध द्यावे हे सांगणे आमचे काम नाही. पण अशा मुलांना आम्ही दिवसाचे पाच-सहा तास पाहतो. कोणत्या घरात औषधाचा उपयोग झाला आणि कोणत्या घरात ती गोळी कपाटात पडून राहिली, हेही आमच्या नजरेसमोर घडते. त्यातून आणि वाचनातून जे समजले ते पालकांसमोर ठेवत आहोत. एका वाक्यात सांगायचे तर, या बाबतीत चांगला डॉक्टर म्हणजे मोठ्या शहरातला मोठ्या नावाचा डॉक्टर असे समजू नये. चांगला डॉक्टर तो, जो मुलाला पुन्हा बोलावतो, आणि पुन्हा बोलावल्यावर शाळेत काय चालले आहे हे विचारतो.

मस्ती कुठे संपते?

सगळीच मुले धावतात, पडतात, वस्तू हरवतात. म्हणून प्रत्येक मस्तीखोर मूल एडीएचडीचे नसते. लक्ष न टिकणे, शांत बसता न येणे आणि विचार न करता एकदम कृती करणे, ही या अवस्थेची तीन मुख्य लक्षणे. ती निदान सहा महिने सतत दिसली पाहिजेत, बारा वर्षे वयाच्या आत सुरू झालेली असली पाहिजेत, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही, दिसली पाहिजेत. शिवाय त्यामुळे मुलाच्या शिक्षणाचे किंवा नात्यांचे खरोखर नुकसान होत असले पाहिजे. फक्त एकाच शिक्षकाच्या तासाला मूल गोंधळ घालत असेल, तर प्रश्न कदाचित त्या तासाचा असतो.

हा मोबाइलच्या काळातला आजार आहे, असेही अनेकांना वाटते. तसे नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. त्या वेळी मोबाइल तर सोडाच, रेडिओही घरात आला नव्हता. जगभरातील अभ्यासांचा गोषवारा पाहिला तर शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांमध्ये ही अवस्था आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले अशी असणे अगदी शक्य आहे. ती मुले बिघडलेली नसतात, आणि त्यांच्या अम्मीचे संगोपनही चुकलेले नसते.

मुलींच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. अनेक मुलींमध्ये चंचलता दिसत नाही, फक्त लक्ष टिकत नाही. ती मुलगी कोणाला त्रास देत नाही. खिडकीबाहेर पाहत बसते, वही अर्धी राहते, आणि आपण तिला "सीधी है, पढ़ाई में कमजोर है" असे म्हणून सोडून देतो. पुढे शाळा सुटण्याची पाळी आली की तिच्या लग्नाचा विषय निघतो. मुलगी शांत आहे एवढ्यावर तिच्या अभ्यासाचा निकाल लावू नये.

रक्त तपासून, मेंदूचा फोटो काढून किंवा मेंदूच्या लहरींचा आलेख काढून एडीएचडीचे निदान होत नाही. ते होते बारकाईने विचारपूस करून आणि निरीक्षणातून. मात्र दुसरे काही कारण नाही ना, हे पाहणे जरुरीचे असते. मुलाला नीट ऐकू येते का, फळ्यावरचे दिसते का, रक्त कमी आहे का, थायरॉइडचा त्रास आहे का, टॉन्सिल वाढल्याने रात्री झोपमोड होते का, क्षणभर हरवल्यासारखे होणाऱ्या बारीक फिट्स येतात का, हे तपासावे लागते. ही तपासणी न करता जो पाच मिनिटांत निदान करतो, त्याच्याकडून औषध सुरू करण्यापूर्वी पालकांनी थोडे थांबावे.

आपल्या जिल्ह्यातून कोणाकडे जायचे?

१९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. पण मोठ्या आजारासाठी अकोल्याची वाट धरण्याची आपली सवय काही सुटली नाही, आणि त्याला कारणही आहे. भारतात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांत. त्यातही लहान मुलांच्या मनाचा खास अभ्यास केलेले तज्ज्ञ फारच थोडे. रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा येथल्या पालकाला हे सांगायची गरज नाही.

आधी कोण काय करतो ते समजून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, ते औषध लिहू शकतात. बालरोगतज्ज्ञही औषध लिहू शकतात, त्यांतले काही मुलांच्या विकासाचा विशेष अभ्यास केलेले असतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक चाचण्या घेतात, वागणूक सुधारण्याचे उपाय शिकवतात, पण औषध लिहून देत नाहीत. पुष्कळ पालक समुपदेशकाकडे चार चकरा मारून "गोळीच दिली नाही" म्हणून नाराज होतात, किंवा डॉक्टरांकडे जाऊन "समजावून सांगितले नाही" अशी तक्रार करतात. दोघांचीही कामे वेगळी आहेत आणि मुलाला बहुधा दोघांचीही गरज असते.

सुरुवात जवळून करावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. त्या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तक्रारी पाहिल्या जातात, त्यांत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे. पथक येण्याच्या दिवशी आपल्या मुलाचे नाव मुख्याध्यापकांना आधीच देऊन ठेवावे. जिल्हा रुग्णालयातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही चालतो. तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे विचारूनच जावे, म्हणजे मजुरीचा दिवस फुकट जात नाही. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे येत्या काळात वाट थोडी जवळची होईल अशी आशा ठेवायला हरकत नाही. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, आणि नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो आणि एम्स आहेत. ओपीडीत गर्दी असते, केसपेपरसाठी रांग असते, पण मुलांचे आणि मनोविकारांचे विभाग एकाच आवारात असणे ही मोठी सोय असते.

कुणाशी बोलावे हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही केंद्र शासनाची सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते आणि पुढे कुठे जायचे याची दिशा मिळते.

त्याच गोळीचे दोन निकाल

डॉक्टरची खरी पारख चिठ्ठी लिहिल्यानंतर होते, हे आम्ही का म्हणतो? १९९९ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षे वयाच्या ५७९ मुलांचे चार गट करण्यात आले आणि १४ महिने त्यांना पाहण्यात आले. एका गटाला अभ्यासातील डॉक्टरांनी काळजीपूर्वक औषध दिले. दुसऱ्याला फक्त वागणूक सुधारण्याचे उपचार. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्या गटातील मुलांना आपापल्या गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोडण्यात आले.

चौथ्या गटातील साधारण दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होते. तरीही पहिल्या आणि तिसऱ्या गटातील मुलांची लक्षणे त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाली. औषध तर दोन्हीकडे होते, मग फरक कशाने पडला? अभ्यासातील डॉक्टरांनी पहिल्या महिन्यात वेगवेगळे डोस देऊन कोणता डोस त्या मुलाला बसतो हे शोधले. नंतर दर महिन्याला मुलाला बोलावले, पालकांशी निवांत बोलले आणि शिक्षकांकडून माहिती घेतली. नेहमीच्या डॉक्टरांकडे भेटी वर्षातून एक-दोनदाच होत आणि शिक्षकांना सहसा कोणी विचारत नसे.

याच मुलांना पुढे पाहिले तेव्हा तीन वर्षांनी या गटांतला फरक उरला नव्हता. म्हणजे एकदा नीट बसवलेला उपचार कायम पुरतो असे नाही. मूल वाढते, इयत्ता बदलते, वजन बदलते, तसे औषधाकडेही पुन्हा पाहावे लागते.

आमच्या पाहण्यात असलेले एक घर सांगतो. मुलगा पाचवीत. वडील गाड्या दुरुस्तीचे काम करतात. ते दूरच्या एका मोठ्या शहरात गेले. दहा मिनिटांत तपासणी झाली, गोळी मिळाली, तीन महिन्यांनी या म्हणून सांगितले गेले. गोळी सुरू झाली आणि मुलाने डबा खाणे सोडले. वर्गात तो अगदी चिडीचूप. वडील भेटायला आले तेव्हा म्हणाले, "सर, बच्चा चुप तो हो गया, मगर हंसता नहीं." नवव्या दिवशी त्यांनी गोळी बंद केली. त्यांचे काय चुकले? विचारायला जवळ कोणी नव्हते. मूल पुतळ्यासारखे बसू लागले तर ते औषध लागू पडल्याचे लक्षण नव्हे. बहुधा डोस जास्त होतोय किंवा ते औषध त्या मुलाला मानवत नाही, याची ती खूण असते. शांत बसवणे हा औषधाचा हेतू नाहीच. मुलाने मुलासारखेच राहावे, फक्त त्याला आपले लक्ष आपल्या ताब्यात ठेवता यावे, एवढाच हेतू आहे.

पुढे ते जवळच्या गावातील दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन आठवड्यांनी परत बोलावले, वर्गशिक्षकांची चिठ्ठी मागवली, डोस कमी केला, आणि गोळी भरपेट नाश्त्यानंतर द्यायला सांगितली. दोन महिन्यांत चार चकरा झाल्या. मुलगा वर्गात पहिला आला नाही. पण आता पान पूर्ण लिहितो, वर्गाबाहेर उभा राहत नाही, आणि हसतोही.

पहिल्या भेटीत काय पाहावे, काय विचारावे

चांगला डॉक्टर औषध लिहिण्याआधी मुलाचे वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब मोजतो. मूल कधी खेळताना बेशुद्ध पडले होते का, घराण्यात कमी वयात अचानक हृदयाने कोणी गेले आहे का, हे विचारतो. शाळेचे मत मागतो. त्यासाठी छापील प्रश्नावल्या असतात, एक पालकांनी भरायची आणि एक शिक्षकांनी. सहा वर्षांखालील मूल असेल तर तो आधी पालकांना मुलाला हाताळण्याची पद्धत शिकवतो, लगेच गोळीकडे वळत नाही. मूल उर्दू माध्यमात असेल तर चाचणी कोणत्या भाषेत घेतली हे जरूर पाहावे. घरी उर्दू बोलणारे मूल मराठी किंवा इंग्रजी चाचणीत अडखळले तर तो दोष भाषेचाही असू शकतो.

पालकांनी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. डॉक्टरांसमोर बसल्यावर अर्धे प्रश्न विसरतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.

१. औषधाचे नाव काय? ते किती वेळात काम सुरू करते आणि किती तास टिकते?
२. कमी डोसपासून सुरुवात करणार का? डोस कधी आणि कशावरून बदलणार?
३. काय दिसले तर थांबायचे नाही, आणि काय दिसले तर लगेच कळवायचे?
४. पुन्हा कधी यायचे? मधल्या काळात शंका आली तर कोणाला विचारायचे?
५. वजन आणि रक्तदाब गावातल्या डॉक्टरांकडे मोजून चालेल का?
६. हे औषध अजून लागते का, हे कधी तपासून पाहणार?

हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडत नाही, तो टिकवून ठेवावा. "सहा महिन्यांत मुळापासून बरे करतो" अशी हमी देणारा, औषधाचे नाव न सांगणारा, किंवा पहिल्याच दिवशी चार-पाच औषधे आणि बुद्धिवर्धक सिरप हातात देणारा असेल, तर दुसरे मत घ्यावे. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. मात्र दोन डॉक्टरांची औषधे एकत्र देऊ नयेत, आणि हकीम साहेबांचे किंवा आणखी कुठले औषध चालू असेल तर तेही न लपवता सांगावे.

पाचव्या प्रश्नात दूरच्या पालकांची मोठी सोय आहे. वाशिमहून अकोला साधारण ऐंशी किलोमीटर. दर वेळी एसटीने मूल घेऊन जायचे, मजुरी बुडवायची, शाळा बुडवायची, हे फार दिवस जमत नाही, आणि मग उपचारच सुटतो. त्यापेक्षा औषध ठरवणारा तज्ज्ञ एक, आणि गावात वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजून लिहून देणारा डॉक्टर एक, अशी जोडी जमवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयातही हे मोजमाप होते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

गोळी मेडिकलवर का मिळत नाही?

एडीएचडीसाठी जी औषधे वापरली जातात, त्यांत मिथाइलफेनिडेट हे सर्वांत परिचित. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील लिआंद्रो पानिझोन यांनी ते १९४४ मध्ये तयार केले. म्हणजे हे काही कालचे, प्रयोगातले औषध नाही. ते अर्ध्या ते एका तासात काम सुरू करते. साधी गोळी साधारण चार तास टिकते, दीर्घकाळ काम करणारी आठ ते बारा तास. ही दुसरी गोळी चावू नये, कुटून दुधातही देऊ नये. दुसरे औषध ॲटोमॉक्सेटिन. ते रोज घ्यावे लागते आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून ते बंद करणे म्हणजे बी पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरण्यासारखे आहे.

मिथाइलफेनिडेट भारतीय कायद्यात 'अनुसूची एक्स'मध्ये येते. ते ठेवण्यासाठी मेडिकलवाल्याला वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणूनच तालुक्याच्या गावी चार दुकाने फिरूनही ते मिळत नाही, आणि दुकानदार संशयाने पाहतो ते वेगळेच. डॉक्टरांनाच विचारावे की कोणत्या दुकानात मिळेल, आणि चिठ्ठी दोन प्रतींत मागून घ्यावी. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार हे औषध फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाही. म्हणजे त्यासाठी प्रत्यक्ष जावेच लागते. गोळ्या संपण्याच्या आठ-दहा दिवस आधीच भेट ठरवावी. ॲटोमॉक्सेटिनला ही अडचण नसते. डॉक्टर औषध निवडत असताना "हे आमच्या गावात मिळत नाही" हे सांगणे म्हणजे हुज्जत नव्हे. त्यांना ते माहीत असणे उपयोगाचेच आहे.

नियम कडक आहेत म्हणून "नशेची गोळी" असा गैरसमज पसरतो. गैरवापर होऊ शकतो म्हणून कायदा कडक आहे. निदान झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या डोसात दिलेले औषध म्हणजे नशा नव्हे. मात्र गोळ्या कुलपात ठेवाव्यात, मोजून ठेवाव्यात, मुलाच्या हातात पाकीट देऊ नये, आणि "याला फायदा झाला" म्हणून भावाला किंवा मावसभावाला एक गोळी देऊन पाहू नये.

एक साधी वही

डॉक्टरांना पुन्हा भेटायचे तर सांगायला काहीतरी हवे. "बरा आहे" किंवा "फरक नाही" एवढ्यावर डोस ठरत नाही. म्हणून शंभर पानी वही करावी. रोज तीन-चार ओळी पुरे. गोळी किती वाजता दिली, सकाळी काय खाल्ले, रात्री किती वाजता झोप लागली, पोटात किंवा डोक्यात दुखले का, चिडचिड कोणत्या वेळी झाली. आठवड्यातून एकदा वर्गशिक्षकांनी दोन ओळी लिहाव्यात. अम्मीला मराठी लिहिणे जड जात असेल तर उर्दूत लिहावे, वाचून दाखवायला आम्ही आहोत.

भूक कमी होणे हा मिथाइलफेनिडेटचा सर्वांत जास्त दिसणारा त्रास. शाळेत दुपारी पोषण आहाराची खिचडी वाढली जाते, नेमकी तेव्हाच भूक मेलेली असते. त्यावर रागावण्याऐवजी सकाळी गोळीपूर्वी पोटभर नाश्ता द्यावा. अंडे, पराठा, दूध, पोहे, घरात असेल ते. संध्याकाळी औषधाचा असर उतरला की भूक परत येते, तेव्हा नीट जेवण द्यावे. वजन घटत असेल किंवा उंची अडल्यासारखी वाटत असेल तर डॉक्टरांना सांगावे. झोप लागत नसेल तर गोळीची वेळ बदलून पाहता येते. छातीत धडधड, चक्कर, अंगाला झटके किंवा विचित्र हालचाली, मुलाने जीव नकोसा झाल्याचे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

औषध शाळा चालू असताना सुरू झालेले बरे. मे महिन्यात सुरू केले तर वर्गात काय फरक पडला हे कळायला मार्गच नसतो, कारण विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. सुट्टीत औषधाला विश्रांती द्यायची का, हेही डॉक्टरांनाच विचारावे. काही औषधांत ते चालते, काहींत चालत नाही.

आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनाही एक विनंती. डॉक्टरांनी पाठवलेली प्रश्नावली आठवडाभर टेबलाच्या खणात ठेवू नका, आणि ती रागाच्या दिवशी भरू नका. तुमच्या खुणेवर एका मुलाचा डोस ठरणार आहे. आणि वर्गात सगळ्यांसमोर "आज गोळी घेतली नाही का?" असे कधीही विचारू नका. अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, काम छोट्या तुकड्यांत देणे, मध्येच फळा पुसायला उठवणे, हे उपाय गोळीइतकेच जरुरीचे आहेत. गोळी लक्ष टिकवायला मदत करते. अलिफ-बे आणि पाढे आपल्यालाच शिकवावे लागतात.

मकतब, रमजान आणि तावीज

आपल्या मुलांचा दिवस लांब असतो. फजरनंतर मकतब, मग शाळा, मग शिकवणी. डॉक्टरांना हे सांगितले जात नाही. ते शाळेची वेळ धरून डोस लिहितात आणि मकतबमध्ये मूल मार खाते, किंवा संध्याकाळी सबक पाठ करायच्या वेळी औषधाचा असर संपलेला असतो. मुलाचा पूर्ण दिवस डॉक्टरांना सांगावा. मौलाना साहेबांनाही विश्वासात घ्यावे. ज्यांना सांगितले त्यांनी अशा मुलाला जवळ बसवून थोडा थोडा सबक दिल्याचे आम्ही पाहिले आहे.

रमजानात दुहेरी अडचण येते. नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही. पण मुले हौसेने रोजे ठेवतात, आणि मोठ्या वर्गातील मुलांवर ते फर्ज झालेले असतात. दिवसात दोनदा घ्यायची गोळी रोज्यात बसत नाही. शिवाय तरावीह आणि सहरीमुळे झोप तुटते, आणि अपुऱ्या झोपेने लक्ष आणखी विस्कटते. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. औषध किंवा त्याची वेळ बदलता येते का ते ते सांगतील. रोज्याच्या सवलतीविषयी आलिमांना विचारावे, पण डॉक्टरांचे म्हणणे सोबत घेऊन. आपणच ठरवून महिनाभर गोळी बंद ठेवू नये.

काही औषधे कॅप्सूलमध्ये येतात आणि तिच्या वेष्टनातील जिलेटिनविषयी अनेक घरांत शंका असते. ही शंका मनात ठेवून कॅप्सूल फेकून देण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, गोळीच्या रूपात पर्याय आहे का. ॲटोमॉक्सेटिनची कॅप्सूल घरी फोडून पावडर देऊ नये, ती डोळ्यांना झोंबते.

राहिला प्रश्न नजर आणि तावीजचा. दुआ करावी, दम करून घ्यावे, मनाला आधार मिळतो. पण प्रत्येक आजाराला इलाज आहे आणि तो करा, हीही आपल्याला लहानपणापासून मिळालेली शिकवण आहे. दुआ इलाजाच्या जागी नसते, सोबत असते. दोन वर्षे केवळ दर्ग्यांच्या चकरा मारण्यात गेली, तर ती मुलाची तिसरी आणि चौथी असते. ती वर्षे परत येत नाहीत.

मूल मोठे झाल्यावर चंचलता बऱ्याचदा कमी होते, लक्षाचा प्रश्न अनेकांत उरतो. काहींना औषध काही वर्षेच लागते, काहींना पुढेही. सोबत अध्ययन अक्षमता असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात, त्यासाठी आठवीतच चौकशी सुरू करावी, दहावीच्या जानेवारीत नाही.

चांगल्या डॉक्टराचा शोध एका दिवसात पुरा होत नाही. पहिल्या भेटीत तो ओळखू येईलच असेही नाही. दुसऱ्या भेटीत तो वही मागतो का, मुलाशी दोन शब्द बोलतो का, वजन पुन्हा करतो का, हे पाहा. तसा डॉक्टर वाशिममध्ये मिळाला तर नागपूरला जाऊ नका. अकोल्यात मिळाला तर एसटीचे तिकीट परवडते. मिळाला की मात्र त्याला सोडू नका, आणि दिलेली तारीख चुकवू नका. अल्लाह सर्व मुलांना आफियत आणि त्यांच्या अम्मी-अब्बूंना सब्र देवो, आमीन.